पीडब्ल्यूएम आणि ट्रान्झिस्टरने करंट ताब्यात ठेवणं: हिशेब, जोडणीचा क्रम आणि नेहमीच्या चुका

१२ व्होल्टचे २५ टक्के म्हणजे ३ व्होल्ट. मग ३ व्होल्टचा एलईडी १२ व्होल्टच्या सप्लायवर थेट लावायचा, आर्डुइनोमधून (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) २५ टक्के पीडब्ल्यूएम (पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे भराभर चालू-बंद होणारा सिग्नल) द्यायचा, की काम झालं. हा हिशेब कॉलेजच्या प्रोजेक्टांत सर्रास दिसतो. कागदावर तो पटतो, आणि एलईडी मात्र काही क्षणांत काळा पडतो.

पीडब्ल्यूएममध्ये ट्रान्झिस्टर अर्धवट उघडत नाही. तो पूर्ण चालू होतो, पूर्ण बंद होतो, पुन्हा चालू होतो. नळ भराभर उघड-बंद केला तर बादली सावकाश भरते, पण उघडा असताना धार पूर्ण जोराचीच असते. तसं इथेही चालू असलेल्या वेळात एलईडीला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि सप्लाय देऊ शकेल तेवढा करंट त्यातून जातो. सरासरी कमी दिसते ती मल्टिमीटरवर, एलईडीच्या आतल्या चिपला नाही.

म्हणून पहिला प्रश्न "ड्यूटी किती ठेवू" हा नाही (ड्यूटी म्हणजे एका आवर्तनातला चालू वेळेचा वाटा). पहिला प्रश्न असा: माझ्या सर्किटमध्ये करंटला मर्यादा कोण घालतंय? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय सोल्डरिंग गन हातात घेऊ नका.

इथले आकडे आर्डुइनो उनो (एटीमेगा३२८पी, ५ व्होल्ट) आणि १२ व्होल्टचा डीसी अॅडॉप्टर धरून आहेत. टप्पा १ ते ५ मध्ये साधं चालू-बंद करणारं सर्किट आहे. टप्पा ६ पासून त्याच पीडब्ल्यूएमने खरा, स्थिर करंट ठरवणारं सर्किट आहे. दुसरं सर्किट हवं असलं तरी पहिले टप्पे वगळू नका, त्यातले नियम पुढेही लागतात.

## टप्पा १: लोड ओळखा आणि करंट मोजा

लोडचे तीन प्रकार धरा.

१. मर्यादा आतच असलेला लोड. १२ व्होल्टची एलईडी पट्टी, हीटर, साधा बल्ब. पट्टीत प्रत्येक तीन एलईडींमागे रेझिस्टर असतो आणि तोच करंट रोखतो. अशा लोडला थेट पीडब्ल्यूएम चालतो.

२. गुंडाळीचा लोड. डीसी मोटर, रिले, सोलेनॉइड. गुंडाळीतला करंट एकदम चढत नाही आणि एकदम उतरतही नाही. त्यामुळे पीडब्ल्यूएमने तो बऱ्यापैकी सपाट होतो, पण बंद होताना त्याला जायला वाट द्यावी लागते. ती वाट टप्पा ४ मध्ये आहे.

३. मर्यादा नसलेला लोड. सुटा पॉवर एलईडी, लेझर डायोड. याला नुसता पीडब्ल्यूएम कधीही देऊ नका. याच्यासाठी टप्पा ६.

पट्टी असेल तर ती १२ व्होल्टवर थेट लावून करंट मोजा. मोटर असेल तर दोन आकडे हवेत: मोकळी फिरतानाचा करंट आणि अडलेली असतानाचा करंट. दुसऱ्यासाठी मोटर सप्लायवरून काढा, तिच्या दोन टोकांमधला रोध मोजा, दांडा हाताने थोडा थोडा फिरवून सर्वांत कमी आकडा घ्या, आणि १२ ला त्याने भागा. रोध ३ ओहम आला तर अडलेली मोटर ४ अँपिअर मागणार. ट्रान्झिस्टर, अॅडॉप्टर आणि तारा या ४ अँपिअरच्या हिशेबाने निवडायच्या, मोकळ्या फिरण्याच्या अर्ध्या अँपिअरच्या नाही. मोटर सुरू होताना प्रत्येक वेळी क्षणभर अडलेलीच असते.

सावध: मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकात लाल तार ठेवून नंतर व्होल्टेज मोजायला जाऊ नका. त्या भोकातून मीटर जवळजवळ शॉर्टच असतो, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेवर बऱ्याचदा फ्यूजही नसतो. करंट मोजून झाल्याबरोबर तार जागेवर आणा.

## टप्पा २: ट्रान्झिस्टर निवडा

उनोच्या एका पिनमधून २० मिलीअँपिअरपर्यंतच करंट घ्या. डेटाशीटमधला ४० चा आकडा त्यापलीकडे चिप खराब होण्याचा आहे, कामाचा नाही. सगळ्या पिन मिळून मर्यादा २०० मिलीअँपिअर.

लोड २०० मिलीअँपिअरच्या आत असेल तर टू-एन-२२२२ सारखा एनपीएन (बेसमधल्या छोट्या करंटने मोठा करंट सोडणारा ट्रान्झिस्टर) पुरतो. बीसी५४७ फक्त १०० मिलीअँपिअरचा आहे, त्यावर मोटर चालवू नका. बेसचा रेझिस्टर काढताना चूक होते ती गेनच्या आकड्यात (गेन म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट ट्रान्झिस्टर सोडतो). मीटरवर गेन २०० दिसला म्हणून लोडच्या करंटला २०० ने भागतात. तो गेन ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा असतानाचा आहे. स्विच म्हणून पूर्ण उघडायचा तर १० ने भागा. लोड १५० मिलीअँपिअर, तर बेसला १५ मिलीअँपिअर. पिनचे ५ व्होल्ट, त्यातून बेस-एमिटरचे सुमारे ०.८ वजा, उरले ४.२. भागिले ०.०१५ म्हणजे २८० ओहम, बाजारात मिळणारा २७० घ्या. २०० मिलीअँपिअरची मर्यादा इथूनच आली: त्यापुढे बेसला लागणारा करंट पिन देऊ शकत नाही.

त्याच्या वर मॉसफेट घ्या (गेटवरच्या व्होल्टेजने ड्रेन ते सोर्स ही वाट उघडणारा ट्रान्झिस्टर), आणि नेमकी हीच खरेदी चुकते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत "झेड ४४" मागितलात की बहुधा आयआरएफझेड४४एन हातात पडतो. आर्डुइनोसाठी हवा असतो आयआरएलझेड४४एन. फरक मधल्या 'एफ' आणि 'एल' चा. पुडी खिशात टाकण्याआधी अंगावरची अक्षरं उजेडात वाचा.

आयआरएफझेड४४एनच्या डेटाशीटमध्ये गेट थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट लिहिलेला असतो. ते वाचून "माझ्याकडे ५ आहेत, म्हणजे चालेल" असं वाटतं. पण थ्रेशोल्ड म्हणजे मॉसफेट जेमतेम पाव मिलीअँपिअर सोडू लागतो तो बिंदू. पूर्ण उघडल्यावरचा रोध कंपनी १० व्होल्ट गेटला मोजून देते. ५ व्होल्टवर तो नग कधी चालतो, कधी अर्धवट उघडून भाजेल इतका तापतो, आणि तुमचा नग कोणत्या गटातला हे वरून कळत नाही. आयआरएलझेड४४एनला ५ व्होल्ट गेटवर ०.०२५ ओहमची हमी आहे. २ अँपिअरला त्यावर ०.१ वॅट उष्णता, हात लावला तरी कोमटही लागणार नाही.

टिप१२० हा डार्लिंग्टन (एकात दोन ट्रान्झिस्टर) जुन्या सर्किटांत फार दिसतो. तो आर्डुइनोने नीट चालू होतो, पण स्वतःवरच व्होल्टभर किंवा जास्त खातो. २ अँपिअरला दोन वॅटच्या वर उष्णता हवेत जाते. नवीन कामात तो घेण्याचं कारण मला दिसत नाही.

ईएसपी३२ (आर्डुइनोसारखाच दुसरा बोर्ड) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे पिन ३.३ व्होल्टची आहे आणि आयआरएलझेड४४एनची हमी ४ व्होल्टच्या खाली नाही. २.५ व्होल्ट गेटला रोध लिहिलेला नग शोधा, उदाहरणार्थ एओ३४००. तो अगदी लहान, बोर्डावर चिकटवायचा असतो.

## टप्पा ३: जोडणी, याच क्रमाने

सप्लाय बंद ठेवून सुरुवात करा. आयआरएलझेड४४एनची छापील बाजू तुमच्याकडे, पाय खाली: डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. मागचा धातूचा पत्रा ड्रेनला जोडलेला असतो, तो कशालाही टेकू देऊ नका.

१. सोर्स ग्राउंडला जोडा.

२. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० किलोओहम लावा. हा रेझिस्टर बरेच जण गाळतात. आर्डुइनो चालू होताना किंवा प्रोग्राम भरताना पिन मोकळी लोंबकळत असते, गेटवर कुठलाही व्होल्टेज साठू शकतो आणि मोटर आपोआप फिरू लागते. १० किलोओहम गेटला शून्यावर धरून ठेवतो.

३. पिन ९ पासून गेटपर्यंत २२० ओहम. गेट हा छोट्या कपॅसिटरसारखा वागतो. भरताना तो क्षणभर मोठा करंट ओढतो, तो २२० ओहमने पिनच्या आवाक्यात राहतो.

४. लोडचं एक टोक १२ व्होल्टला, दुसरं ड्रेनला.

५. शेवटी अॅडॉप्टरचा ग्राउंड आणि आर्डुइनोचा ग्राउंड एकमेकांना जोडा. ही तार सोर्सजवळच जोडा, म्हणजे मोटरचा करंट आर्डुइनोच्या ग्राउंडमधून फिरणार नाही.

पाचवी पायरी विसरली की सर्किट अजिबात चालत नाही किंवा मनाला येईल तसं वागतं. चौथीत उलटापालट झाली, म्हणजे लोड सोर्स आणि ग्राउंडच्या मध्ये आला, तर वेगळंच होतं. लोडवर व्होल्टेज चढला की सोर्सही वर जातो, गेट आणि सोर्समधला फरक कमी होतो, मॉसफेट अर्ध्यावर अडकतो. मोटर रेंगाळते आणि मॉसफेट भाजतो. हे लक्षण दिसलं तर आधी लोडची जागा बघा.

लोडला लागणारे अँपिअर आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवरून घेऊ नका. आणि एक अँपिअरच्या वरचा करंट ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांतून नेऊ नका. तो भाग जाड तारेने, सोल्डर करून घ्या.

तपासा: १२ व्होल्ट न देता मीटरच्या बीपवर ड्रेन आणि सोर्स तपासा, आवाज यायला नको. दोन्ही ग्राउंडमध्ये आवाज यायलाच हवा.

## टप्पा ४: गुंडाळीला परतीची वाट

मोटर, रिले किंवा सोलेनॉइड असेल तर डायोडशिवाय सर्किट चालू करू नका. मॉसफेट बंद झाला तरी गुंडाळीतला करंट वाहतच राहू पाहतो. वाट मिळाली नाही तर तो ड्रेनवरचा व्होल्टेज मॉसफेटच्या ५५ व्होल्टच्या मर्यादेपलीकडे चढवतो. पहिल्या दिवशी चालेल, दुसऱ्या दिवशी ड्रेन-सोर्स शॉर्ट होऊन बसेल आणि मग मोटर थांबवताच येणार नाही.

डायोड लोडच्या दोन टोकांवर आडवा: डायोडच्या अंगावर पट्टा छापलेली बाजू १२ व्होल्टकडे, दुसरी ड्रेनकडे. उलटा लागला तर तो थेट शॉर्ट आहे, म्हणून दोनदा बघा. एक अँपिअरच्या आतल्या मोटरला १एन५८१९ शॉट्की (झटपट बंद होणारा डायोड) घ्या. १एन४००७ रिलेला आणि ४९० हर्ट्झला चालतो, पण तो सावकाश बंद होतो, वरच्या फ्रिक्वेन्सीला तापतो आणि मॉसफेटलाही तापवतो.

मोजण्यात इथे एक गफलत होते. ड्यूटी ५० टक्के असताना अॅडॉप्टरच्या तारेत १ अँपिअर दिसला म्हणून मोटरमध्ये १ अँपिअर आहे असं नाही. मॉसफेट बंद असतानाचा करंट डायोडमधून गोल फिरतो, तो अॅडॉप्टरच्या तारेत येतच नाही. मोटरमध्ये साधारण २ अँपिअर असतात. मोटर का तापते याचं कोडं पुष्कळदा इथेच सुटतं.

## टप्पा ५: फ्रिक्वेन्सीला हात लावण्याआधी

उनोवर पीडब्ल्यूएम ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवर आहे. ५ आणि ६ वर सुमारे ९८० हर्ट्झ, बाकींवर ४९०. या फ्रिक्वेन्सीला मोटर किणकिणते. तो आवाज घालवण्यासाठी टायमरचा प्रीस्केलर (घड्याळाचा वेग ज्याने भागला जातो तो आकडा) १ करून ३१ किलोहर्ट्झ करा असा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. पण २२० ओहममधून या मॉसफेटचा गेट भरायला काही मायक्रोसेकंद लागतात, आणि ३१ किलोहर्ट्झला पूर्ण आवर्तनच ३२ मायक्रोसेकंदांचं असतं. त्यातला मोठा भाग मॉसफेट अर्धवट उघड्या अवस्थेत घालवतो आणि तिथेच उष्णता होते. ३१ किलोहर्ट्झ हवे असतील तर मध्ये टीसी४४२० सारखा गेट ड्रायव्हर (गेट झटपट भरणारी चिप) लावा. नसेल तर ४९० वर राहा आणि आवाज सहन करा.

पिन ५ आणि ६ च्या टायमरला हात लावू नका. वेळ मोजणारी सगळी फंक्शन्स त्याच टायमरवर चालतात, एक सेकंद थांबायला सांगितलं की भलतंच काही होतं.

तपासा: ड्यूटी २५५ वर ठेवा (आर्डुइनोत ड्यूटी ० ते २५५ अशी देतात, २५५ म्हणजे १०० टक्के). लोड चालू असताना ड्रेन-सोर्समधला व्होल्टेज मोजा. १ अँपिअरला तो काही दशक मिलीव्होल्ट असायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर गेट पुरेसा उघडत नाही: नग चुकीचा आहे किंवा ग्राउंडची तार ढिली आहे.

## टप्पा ६: खरा करंट ठरवणारं सर्किट

आता सुट्या पॉवर एलईडीकडे. एक वॅटचे तीन पांढरे एलईडी एकामागे एक, १२ व्होल्टवर. प्रत्येकावर साधारण ३.२ व्होल्ट, कमाल ३५० मिलीअँपिअर.

इथे पीडब्ल्यूएम मॉसफेटला द्यायचाच नाही. तो आधी गाळून सपाट व्होल्टेज करायचा. मग ऑपअॅम्प (इथे एलएम३५८ ही चिप) त्या व्होल्टेजशी करंटची तुलना करत मॉसफेट हवा तेवढाच उघडा ठेवतो. एलईडीला सतत, न लुकलुकणारा करंट मिळतो, म्हणून कॅमेऱ्यात पट्ट्याही दिसत नाहीत.

सामान: एलएम३५८ एक, आयआरएलझेड४४एन एक छोट्या हीटसिंकसह, १ ओहम १ वॅट (करंट मोजणारा), १५ किलोओहम, १ किलोओहम, १० किलोओहम तीन, १०० ओहम, १० मायक्रोफॅरड, ०.१ मायक्रोफॅरड, १ नॅनोफॅरड, ५०० मिलीअँपिअरचा फ्यूज, आणि चाचणीसाठी २७ ओहम ५ वॅट व १५ ओहम ५ वॅट. एलईडी अॅल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेले घ्या आणि ती चकती हीटसिंकवर लावा. उघडा एक वॅटचा एलईडी हवेत धरून चालवला तर तो टिकत नाही.

### ६.१ गाळणी

पिन ९ पासून १५ किलोओहम. त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडला १ किलोओहम आणि त्याच्याच समांतर १० मायक्रोफॅरड, अधिक टोक वर.

१५ आणि १ ची ही विभागणी जपून निवडली आहे. ड्यूटी २५५ ला इथे ५ भागिले १६, म्हणजे ०.३१२ व्होल्ट येतात. १ ओहमवर त्याचे ३१२ मिलीअँपिअर होतात. प्रोग्राममध्ये कितीही गोंधळ झाला, पिन अडकून कायम ५ व्होल्टवर राहिली, तरी ऑपअॅम्प ३१२ च्या वर जाऊ देणार नाही. कमाल मर्यादा हार्डवेअरने घालावी, सॉफ्टवेअरने तिच्या आत फिरावं. हा नियम मी कुठल्याही सर्किटात मोडत नाही आणि तुम्हीही मोडू नका.

इथे मात्र ३१ किलोहर्ट्झ बिनधास्त वापरा, कारण पीडब्ल्यूएम आता गेटवर नाही. टायमर-१ च्या टीसीसीआर१बी रजिस्टरमधले शेवटचे तीन बिट ००१ करा, बाकीचे तसेच ठेवा. ४९० हर्ट्झवर सोडलंत तर या गाळणीतून निम्म्या ड्यूटीला १७ मिलीव्होल्टची थरथर निसटते, म्हणजे १५६ मध्ये १७ मिलीअँपिअर. ३१ किलोहर्ट्झला ती मिलीव्होल्टच्या एक तृतीयांशाहूनही कमी होते. कपॅसिटर मोठा करून थरथर कमी करता येते, पण मग करंट बदलायला तेवढा उशीर लागतो. आत्ता तो सुमारे पन्नास मिलीसेकंदांत नव्या आकड्यावर स्थिरावतो.

### ६.२ ऑपअॅम्प आणि मॉसफेट

एलएम३५८चा पाय ८ बारा व्होल्टला, ४ ग्राउंडला, दोन्हींमध्ये चिपला खेटून ०.१ मायक्रोफॅरड. त्याला ५ व्होल्टवर चालवू नका. त्याचं आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं, ५ व्होल्टवर गेटला ३.५ च मिळतील आणि एखादा नग तिथे अडेल.

१. १ ओहमचं एक टोक ग्राउंडला, दुसरं मॉसफेटच्या सोर्सला.

२. गाळणीचं टोक पाय ३ ला.

३. सोर्सपासून १० किलोओहममधून पाय २ ला.

४. पाय १ पासून १०० ओहममधून गेटला. गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम.

५. पाय १ आणि पाय २ यांच्यामध्ये १ नॅनोफॅरड. हा नसेल तर गेटच्या कपॅसिटन्समुळे ऑपअॅम्प स्वतःच थरथरू लागतो, आणि मीटरवर सरासरी बरोबर दिसत असल्याने ते कळतही नाही.

६. रिकाम्या अर्ध्या भागात पाय ६ आणि ७ जोडून टाका, पाय ५ ग्राउंडला. मोकळे सोडू नका.

७. १२ व्होल्ट, मग फ्यूज, मग लोड, मग ड्रेन. ग्राउंड टप्पा ३ प्रमाणे. फक्त इथे ग्राउंडच्या सगळ्या तारा १ ओहमच्या खालच्या टोकाशी एकत्र आणा. तिथून दूर जोडल्या तर तारेचा रोधही १ ओहममध्ये मिसळतो.

सावध: पाय २ आणि ३ अदलाबदल झाले तर ऑपअॅम्प करंट रोखण्याऐवजी मॉसफेट पूर्ण उघडून देतो. म्हणून पहिल्यांदा एलईडी लावायचे नाहीत.

## टप्पा ७: आधी रेझिस्टरवर चाचणी

एलईडींच्या जागी २७ ओहम ५ वॅट लावा. हीटसिंक मॉसफेटवर हवाच. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून १ ओहमच्या दोन टोकांवर धरा. जेवढे मिलीव्होल्ट, तेवढेच मिलीअँपिअर. मीटर करंटच्या वाटेत घालायची गरज नाही.

ड्यूटी ६४ ला ७८ च्या आसपास, १२८ ला १५७, २५५ ला ३१२ दिसायला हवेत. थोडाफार फरक येणारच: १ ओहमचा रेझिस्टर ५ टक्के इकडेतिकडे असतो आणि यूएसबीवरचे ५ व्होल्ट बहुधा नेमके ५ नसतात. यूएसबीवरून ४.८ मिळत असतील तर कमाल ३०० येईल. हे तीन आकडे वहीत लिहा, प्रोग्राममध्ये त्यांच्यावरूनच गुणक ठरवा.

आता २७ ओहम काढून १५ ओहम ५ वॅट लावा, ड्यूटी तीच. आकडा जागचा हलायला नको. हीच खरी परीक्षा आहे: लोड बदलला तरी करंट तोच. हलला तर सर्किट करंट ठरवत नाही, नुसता व्होल्टेज वाटतंय. तेव्हा पाय २ ची तार खरंच सोर्सपासून येते का ते बघा.

या चाचणीत मॉसफेट निम्म्या करंटला पूर्ण करंटपेक्षा जास्त तापतो. घाबरू नका. २७ ओहमवर १५७ मिलीअँपिअरला त्याच्यावर साडेसात व्होल्ट राहतात आणि १.२ वॅट होतात, पूर्ण ३१२ ला ३.३ व्होल्ट आणि १ वॅट.

ड्यूटी शून्यावर आणा. एक-दोन मिलीअँपिअर उरले किंवा सुरुवातीच्या काही पायऱ्यांना काहीच झालं नाही, तर तो बिघाड नाही. एलएम३५८च्या दोन इनपुटमध्ये काही मिलीव्होल्टचा जन्मजात फरक असतो आणि १ ओहमवर तेवढेच मिलीअँपिअर दिसतात. एलईडी पूर्ण विझायलाच हवे असतील तर गेटपासून ग्राउंडला एक बीसी५४७ लावा आणि त्याचा बेस दुसऱ्या पिनने १० किलोओहममधून चालवा.

## टप्पा ८: एलईडी लावा आणि उष्णतेचा हिशेब करा

सप्लाय बंद करा, रेझिस्टर काढा, एलईडी लावा, ड्यूटी ३० पासून सुरू करा आणि थांबत थांबत वाढवा.

या प्रकारात उरलेला सगळा व्होल्टेज मॉसफेट खातो. तीन एलईडींचे ९.६ आणि १ ओहमचे ०.३ वजा केले की मॉसफेटवर २.१ व्होल्ट, ३१२ मिलीअँपिअरला ०.६५ वॅट. हीटसिंकशिवाय हा मॉसफेट वॅटमागे सुमारे ६२ अंश तापतो, म्हणजे ४० अंशांची वाढ. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असेल तर आत ८२. टिकेल, पण बंद डब्यात ठेवायचा असेल तर हीटसिंक काढू नका.

आता तीनऐवजी एकच एलईडी लावून बघा, कागदावर. मॉसफेटवर साडेआठ व्होल्ट, २.६५ वॅट, हीटसिंकशिवाय १६० अंशांच्या वर वाढ. मॉसफेट मरणार. एकच एलईडी चालवायचा तर सप्लायच ५ व्होल्टचा घ्या, फक्त एलएम३५८ला वेगळे १२ द्या.

उलट दिशेनेही बघा. तुमच्या एलईडींवर प्रत्येकी ३.६ व्होल्ट पडत असतील आणि अॅडॉप्टर लोडखाली ११ वर उतरत असेल, तर करंट कुठल्यातरी ड्यूटीनंतर वाढायचाच थांबेल. बिघाड सर्किटात नाही, सप्लाय कमी पडतोय.

तपासा: पूर्ण करंटला वीस मिनिटं चालू ठेवा. मिलीव्होल्टचा आकडा सरकला नाही आणि हीटसिंकवर बोट ठेवता येतंय, तर पुढे जा.

## टप्पा ९: आर्डुइनोला करंट वाचू द्या

सोर्सपासून १० किलोओहममधून ए-० पिनला एक तार न्या. हा १० किलोओहम गाळू नका: १ ओहमचा रेझिस्टर तुटला तर सोर्सवरचा व्होल्टेज ५ च्या वर जाऊ शकतो आणि पिन वाचवणारा तोच आहे. अॅनालॉग वाचनासाठी आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडा, म्हणजे प्रत्येक पायरी सुमारे १.०७ मिलीव्होल्ट, जवळजवळ एक मिलीअँपिअर. हा १.१ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा निघतो, म्हणून टप्पा ७ मधल्या वहीतल्या आकड्यांशी जुळवून घ्या. सोळा वाचनांची सरासरी पुरते.

मागितलेला आणि वाचलेला करंट यांत वीस मिलीअँपिअरहून जास्त फरक पडला तर ड्यूटी शून्य करून इशारा द्या. वाचन कमी असेल तर एलईडी किंवा तार तुटली आहे. वाचन जास्त असेल आणि ड्यूटी शून्य करूनही उतरत नसेल, तर मॉसफेट शॉर्ट झालाय. तिथे प्रोग्रामच्या हातात काहीच उरत नाही. त्या वेळेसाठी ६.२ मधला फ्यूज आहे. तो जाताना दिसला तर जास्त अँपिअरचा लावून वेळ मारून नेऊ नका, मॉसफेट काढून ड्रेन-सोर्स बीपवर तपासा.